अभ्रकाच्या चकतीवरचं मेण

सबिनामावशी, तुझा फोनो बोलला.

हे तुला सांगायला मी सवयीने कुंपणाशी गेले. तुमची वाडी आणि आमची वाडी यांच्यामधली ती जास्वंदीतली फट, जिथून तू सुकवलेल्या केळ्यांची, सुकेळीची पुडी पुढे ढकलायचीस आणि मी धुतलेली पातेली परत द्यायचे. "मावशी" अशी हाकसुद्धा मारली. पलीकडून तुझी कोंबडी तेवढी आली. मग माझ्या लक्षात आलं. आले तशी रिकामी कुठे परत जाऊ म्हणून मी तिलाच सांगितलं, बोलला गो.

तुझं वय, तुझी माणसं, चर्चच्या गायकवृंदातली तुझी सगळी वर्षं, हे फादरनी दफनाच्या वेळी सांगितलं. चांगलं सांगितलं. पण त्यात तू नव्हतीस. तू भांडणात असायचीस. म्हणून मी आपल्या भांडणाचंच लिहिते. ते अर्ध्यावर टाकून तू गेलीस आणि मला अर्धवट काही ठेवायची सवय नाही.

तुझ्या ओटीवर कोपऱ्यात तो फोनो असायचा. चावी भरायचा, लाकडी पेटीचा, पितळी भोंग्याचा. तुझ्या बाबाचा. ज्या काळात वटार गावी लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकर यायचा होता, तेव्हा तुझा बाबा बैलगाडीत गवताच्या गादीवर हा फोनो निजवून गावोगाव न्यायचा. सोबत तू. तुझं काम सुया बदलायचं. तबकडीची एक बाजू वाजली की सुई बाद. वापरलेल्या सुयांची डबी तू शेवटपर्यंत जपलीस आणि कुणी विचारलं तर म्हणायचीस, "हे माझे दुधाचे दात."

भोंग्याच्या नळीच्या टोकाला, सुईच्या बरोब्बर वर, मुठीत मावेल एवढी एक गोल चपटी डबी असते. फोनोचा आवाज तिथे जन्माला येतो. दुरुस्ती करणारे तिला साउंडबॉक्स म्हणतात, तू गळा म्हणायचीस. तिच्या आत अभ्रकाची पातळ चकती असते, कडेने दोन्ही बाजूंना रबराची वेटोळी आणि मधोमध एक बारीक स्क्रू. सुई खाचेत थरथरते, तिची दांडी ती थरथर चकतीच्या मध्याला देते, चकती हवेला देते, हवा भोंग्याला. वीज नाही, बॅटरी नाही. मी हे कॉलेजात शिकले, आकृती काढून मार्क मिळवले, आता कारखान्याच्या प्रयोगशाळेत मापयंत्रं तपासते. केसाच्या जाडीचे भाग पाडणं हा माझा रोजचा धंदा आहे. तरी मावशी, खरं सांगते, माझा अजून विश्वास बसत नाही. अभ्रक म्हणजे दगड. खाणीतून निघणारा, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड. दगडाच्या पापुद्र्याला कसं कळतं की आत्ता कुणीतरी हसलं?

कारण तुझी आवडती तबकडी हसण्याची होती. तिच्यावरचा कागद कधीच झिजून गेला होता, कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. एक माणूस गंभीरपणे गायला लागतो, मध्येच त्याला हसू येतं, तो आवरतो, पुन्हा सुरू करतो, पेटीवाला हसतो, मग कुणीतरी बाई, मग सगळेच. गाणं शेवटपर्यंत होतच नाही. तुझा बाबा म्हणे ती नवरी सासरी निघताना लावायचा. रडारड सुरू झाली की.

मी लहान होते तेव्हा एकदा तू चावी भरलीस, तबकडी फिरवलीस, पण भोंगा बाजूला सारलास. मला म्हणालीस, "नख धर खाचेवर. हलक्या हाताने. घाबरतेस काय, चावत नाही ती." मी अंगठ्याचं नख टेकवलं. आणि माझ्या नखातून, मावशी, माझ्या स्वतःच्या बोटाच्या टोकातून एक बारीकसा माणूस हसला. मी हात मागे घेतला तर तो गप्प. पुन्हा टेकवला तर हसतोय. मी आमच्या घरी पळाले आणि आईला अंगठा दाखवला. आई म्हणाली, "हळद लाव."

पुढे कुणी विचारलं की तुमच्या घरात कुणी दहावीच्या वर गेलं नाही, तू फिजिक्सकडे कशी वळलीस, तर मी काहीतरी शहाण्यासारखं उत्तर द्यायचे. खरं उत्तर तो अंगठा.

माझा बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरात काय करावं ते कुणाला सुचेना. असा प्रसंग आधी आलेलाच नव्हता. आमच्या वडिलांनी, दादांनी, पानवेलीला पाणी द्यायचं अर्धवट सोडलं आणि नुसतेच उभे राहिले. आईने मार्कशीट देवापुढे ठेवली, मग उंदराच्या भीतीने उचलली, मग पुन्हा ठेवली. तेवढ्यात कुंपणापलीकडून भोंगा माझ्याकडे वळला आणि हसण्याची तबकडी सुरू झाली. सगळी आळी गोळा झाली. मी चिडून म्हटलं, "मावशी, माझ्या निकालावर हसतेस?" तू म्हणालीस, "मग काय रडू? आपल्या आळीतली पहिली पोरगी तू. लोकांना कळायला नको?" त्या दिवसापासून तुझ्यासाठी माझं नाव बी.एस्सी. झालं. "काय गो बी.एस्सी., कडीपत्ता आहे का?" माझं खरं नाव तू त्यानंतर घेतलेलं मला आठवत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. रस्त्यावरून कुणी परकं जात असलं की जास्तच.

भांडण सुरू झालं ते फोनोच्या गळ्याची डबी गुरगुरायला लागली तेव्हा. हसण्याच्या तबकडीत ती बाई सगळ्यात उंच हसते ना, तिथे बरोब्बर, तिच्या घशात माशी अडकल्यासारखा आवाज यायचा. मी सांगितलं, रबराची वेटोळी कडक झालीत आणि मधल्या स्क्रूवरचं मेण तडकलंय. स्क्रूभोवती मेणाचा थेंब लागतो, नाहीतर तो चकतीवर खडखडतो. डबी उघडू, नवी वेटोळी घालू, मधमाशीचं मेण लावू.

तू म्हणालीस, "मेण बदलायचं नाही. ते आशीर्वादाचं आहे."

फेब्रुवारीत चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करून घरी आणतात. वादळात लावायची, बाळंतपण अडलं तर लावायची, माणूस जायला लागलं की त्याच्या हातात द्यायची. त्या मेणबत्तीचा एक थेंब तुझ्या बाबाने चकतीच्या मध्यावर सोडला होता. म्हणून हा फोनो बोलतो, असं तुझं म्हणणं.

"मावशी, मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन. ते ठिसूळ असतं, तडकतं. इथे मधमाशीचंच लागतं. चिवट असतं ते, थरथर पेलतं."

"मधमाशीला बाप्तिस्मा दिलाय का कुणी?"

"आशीर्वादाने मेण चिवट होत नाही."

"आणि बी.एस्सी.ने गळा सुटत नाही."

आपल्या दोघींच्या घरच्या बोली वेगळ्या. तू तुझ्या माणसांशी बोललीस की मला अर्धं कळायचं, आमचं तुला अर्धं. भांडायला मात्र आपण शाळेतली मराठी वापरायचो, एकही शब्द वाया जाऊ नये म्हणून.

मेणाचं भांडण पुरेनासं झालं म्हणून तू दुसरं काढलंस. एके दिवशी येऊन पाहते तर तू डबीच्या कडेच्या फटीत काडीने केळीचा चीक भरत बसली होतीस.

"अगं, काय करतेस?"

"केळीच्या चिकाचा डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. जे जात नाही, ते सुटेल कसं?"

केळीवाल्यांच्या घरात जन्मलेल्या माणसालाच सुचावं असं हे गणित. मी सांगून दमले की डाग धरणं वेगळं आणि चिकटून राहणं वेगळं. तू चकतीला टिचकी मारून, तुझा बाबा मारायचा तशी, कान लावून ऐकलंस आणि जाहीर केलंस की फरक पडलाय. पडला होताच. माशीच्या जागी आता भुंगा आला होता. मग हळूहळू चीक वाळून काळा दगड झाला, हसणं घोगरं झालं, शेवटी कुजबुजल्यासारखं, आणि एक दिवस नुसता तबकडी घासल्याचा आवाज उरला. तरीही तू डबी उघडू दिली नाहीस. "मी मेल्यावर उघड."

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा एका दुपारी मला जवळ बोलावलंस. म्हणालीस, "मी गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये मिस्सा होईल, तिथून लोक घरी येतील. तोंडं पाडून बसतील, केक खातील आणि माझ्याबद्दल चांगलं बोलतील. मला ते सहन होणार नाही. तू हसण्याची लाव."

"तो मुका आहे मावशी. आतातरी डबी उघडू देशील?"

"मेल्यावर उघड म्हटलंय ना. मग मरतेच आहे की."

मी हसले आणि तुझा हात धरला, आणि तुला एक सांगायचं होतं ते तसंच राहिलं. त्या अंगठ्याचं. तुला ते ठाऊक असेल असं मी धरून चालले.

तू गेल्यावर तुझा विल्सन माझ्याकडे आला. त्याचा जूचंद्रचा फ्लॅट तुला माहीतच आहे, भोंगा ठेवला तर माणसांनी बाल्कनीत झोपायचं. म्हणाला, "सुलू, कळंबला एकाने समुद्राजवळ कॉटेजेस बांधलीत. त्याला दारात ठेवायला जुनी वस्तू पाहिजे. फोनोचा फोटो बघितला त्याने. वाजतो का हेसुद्धा विचारलं नाही."

"देणार तू?"

"वाजत असता तर नसता दिला. पण मुका फोनो घरात ठेवून काय करू? आई गेलीय हे रोज बघायचं?" त्याचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, मिस्सेपर्यंत थांब. वाजला तर ओटीवर राहील, नाही वाजला तर कळंबला जाईल. तो म्हणाला, चालेल. आणि खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. तुझ्या हातात शेवटी दिलेली आशीर्वादाची मेणबत्ती. बोटभर उरलेली. "आईला हेच मेण पाहिजे होतं ना. लाव. आता वाद कशाला."

मलाही तसंच वाटलं. माणूस गेल्यावर मेणावरून काय भांडायचं. मी तुझं ऐकायचं ठरवलं होतं मावशी, हे मुद्दाम सांगून ठेवते. पुढे जे झालं ते माझ्या हट्टाने झालेलं नाही.

सकाळच्या उजेडात, तुझ्याच ओटीवर, पांढऱ्या चादरीवर मी डबी घेऊन बसले. विल्सन समोर. मागची पितळी कडी सुटली. आत तुझा चीक. काळा, चकचकीत, रबराला आणि चकतीला एकत्र बांधून बसलेला. सुटणार नाही म्हणाली होतीस, सुटत नव्हता. नको तिथे तुझं बरोबर निघालं. आता जोर लावला तर अभ्रकाचे पापुद्रे एकमेकांपासून सुटणार, पत्त्यांच्या कॅटसारखे, आणि एकदा सुटले की ते पुन्हा बसत नाहीत.

विल्सन म्हणाला, "नवीन चकती मिळते ना ऑनलाइन?"

"मिळते. पण मग कुणीतरी दुसरं बोलेल."

मी काडीच्या टोकाने स्पिरिटचा थेंब कडेला सोडायचे, थांबायचे, रबराचा कण काढायचे, पुन्हा थेंब. विल्सनने दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. माझ्या कपाळाचा घाम तो टिपत होता, ऑपरेशनच्या खोलीत टिपतात तसा, आणि मध्येच म्हणाला, "आई बघत असेल तर शिव्या देत असेल." मी म्हटलं, "तुला की मला?" "चिकाला."

शेवटी बटर पेपरची पट्टी खालून सरकली आणि चकती मोकळी झाली. कडेला एका जागी पापुद्रा सुटून पांढरा डाग पडला होता, बाकी सगळी शाबूत. मी ती दोन बोटांत कडेने धरून उजेडात बघितली. मावशी, तुझ्या बाबाने ती कधी अशी बघितली होती का? तिच्या आतून इंद्रधनुष्याच्या कडा वाहत होत्या. हात जरा हलला की त्या जागा बदलत होत्या. पलीकडची केळीची बाग, बावखलाच्या तळ्यातलं पाणी, विल्सनचा चेहरा, सगळं त्यातून दिसत होतं, किंचित सोनेरी. एवढ्याशा पापुद्र्याने गावोगावच्या मांडवांना हसवलं होतं. मी श्वास अगदी हळू सोडत होते, तरी तो माझ्या श्वासानेसुद्धा थरथरत होता.

मग मेण. तुझ्या बाबाचा तो थेंब मध्यावर अजून होता, धुळीने तपकिरी झालेला, बारीक चिरा गेलेला. तो काढून तुझ्या मेणबत्तीचा नवा थेंब सोडायचा होता. मी मेणबत्ती पेटवली. काढण्याआधी जुनं मेण मऊ व्हावं म्हणून जाड सुई ज्योतीवर धरली, पुसली आणि थेंबाला टेकवली.

विल्सनने मान वर केली. "मधाचा वास येतोय?"

मला वाटलं चिकूच्या झाडावर पोळं बसलं असेल. पण वारा नव्हता. मी सुई पुन्हा तापवली, पुन्हा टेकवली. वास तिथूनच येत होता. त्या तपकिरी थेंबातून, तुझ्या बाबाच्या मेणातून. मी हातातली जळती मेणबत्ती हुंगली. तिला कसलाच वास नव्हता, दुकानातल्या मेणबत्तीला नसतो तसा.

मी तिथूनच फादरना फोन लावला. ते म्हणाले, "पूर्वी वेदीसाठी मधमाशीच्याच मेणाची मेणबत्ती लागायची. तसा नियमच होता. आशीर्वादाच्या मेणबत्त्याही त्याच मेणाच्या असायच्या. आता कुठे मिळतात त्या. का गं?"

मी म्हटलं, "काही नाही फादर. एक भांडण मिटलं."

मी फोन खाली ठेवला आणि विल्सनला सांगितलं. आशीर्वादाचं मेण म्हणायचीस तू, मधमाशीचं म्हणायचे मी. एकच थेंब होता गं. इतकी वर्षं आपण दोघी त्याच्या दोन बाजूंना बसून भांडलो आणि तो मध्ये बसून दोघींचं ऐकत होता. हे तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस? आधी म्हणाली असतीस, मी सांगत नव्हते? मग थोड्या वेळाने, मी निघाले की मागून, मग आता भांडायचं कशावर?

नवं मेण मी लावलंच नाही. तुझ्या मेणबत्तीच्या ज्योतीवर सुई तापवत गेले आणि तुझ्या बाबाचंच मेण वितळवत गेले. चिरा भरल्या, थेंब हलला, स्क्रूभोवती गोल बसला. तुझी ज्योत आणि त्याचं मेण. माझी फक्त सुई.

वेटोळी मात्र नवी. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी याला नेमकी बसते. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या सायकलला पाहिजे?" मी म्हटलं, "सायकलला नाही, गळ्याला." त्याने नळी मोजून कापून दिली.

महिन्याच्या मिस्सेहून लोक घरी आले. तू सांगितलं होतंस तसेच, काळ्या कपड्यांत, केकच्या बशा हातात धरून. तुझ्याबद्दल चांगलं बोलणं सुरूही झालं होतं. मी भोंगा अंगणाकडे वळवला आणि चावी भरायला लागले तेव्हा तुझ्या मोठ्या वहिनी म्हणाल्या, "आज? आज हे काय लावताय? लोक काय म्हणतील?" विल्सन म्हणाला, "मामी, आईने सांगून ठेवलंय. तिला जाऊन विचारायचं असेल तर विचारा."

मी चकतीला टिचकी मारली, कान लावला आणि सुई टेकवली.

आधी तो घासल्याचा आवाज. मग तो माणूस गायला लागला, गंभीरपणे, स्वच्छ. विल्सन माझ्याकडे बघत होता, मी डबीकडे. गाणाऱ्याला हसू आलं, त्याने आवरलं. पेटीवाला हसला. मग ती बाई हसायला लागली, वर, आणखी वर, जिथे माशी असायची तिथे. माशी नव्हती. भुंगा नव्हता. नुसती एक बाई होती, मान मागे टाकून हसणारी. अंगणात सगळ्यांच्या बशा थांबल्या होत्या. मग मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. खांदे हलत होते. पदर बाजूला झाला तेव्हा कळलं, आणि मग अख्खं अंगण हसत सुटलं. फादरसुद्धा.

त्या तबकडीतला एकही माणूस आता जिवंत नसणार. पेटीवाला नाही, ती बाई नाही. पण त्यांच्या छातीने हवा जशी हलवली होती तशीच ती तुझ्या अंगणात पुन्हा हलली, आणि जिवंत माणसांच्या छात्यांत शिरून त्यांना हलवून गेली. मी पदवीधर आहे, मला हे समजतं. समजतं म्हणूनच माझा विश्वास बसत नव्हता.

तबकडी संपली. विल्सन बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलला. मला एवढंच ऐकू आलं: "नाही, नाही देत. आईचा आहे. घरात बोलतो तो." परत येऊन त्याने स्वतः चावी भरली आणि मला म्हणाला, "सुलू, सुई बदल."

मी बदलली. जुनी तुझ्या डबीत टाकली, तुझ्या दुधाच्या दातांत.

आता रविवारी विल्सन येतो, मुलांना आणतो. फोनो ओटीवरच आहे. परवा त्याच्या धाकटीला मी अंगठ्याचं नख खाचेवर धरायला लावलं. ती अंगठा बघत बसली. तुला सांगायचं राहिलं होतं ते मी तिला सांगितलं.

मेणाचं मिटलं, मावशी. आपण दोघी जिंकलो, म्हणजे तुझ्या हिशेबाने दोघी हरलो. पण केळीचा चीक मी लावलेला नाही, आणि पुढेही लावणार नाही. त्यावर तुला काय बोलायचं असेल ते बोल. मी कुंपणाशीच आहे.